‘अशी आमची आशा होती’ : खचलेल्या दिवसांत पवित्र शास्त्र कसे वाचावे

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपली, की बायबलमधल्या वचनांची टोपली फिरते. रंगीत कागदाच्या लहान लहान गुंडाळ्या असतात. प्रत्येक जण एक उचलतो, दिव्याखाली धरून वाचतो आणि घरी नेऊन आरशाच्या चौकटीत खोचतो किंवा शास्त्राच्या प्लॅस्टिकच्या आवरणात सरकवून ठेवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वाट्याला यिर्मया 29:11, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29 व्या अध्यायाचे अकरावे वचन आले. परमेश्वराच्या मनातले आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे सांगणारे ते वचन संडे स्कूलच्या मुलांनाही पाठ असते. त्या वर्षी मार्चमध्ये माझी नोकरी गेली आणि ऑगस्टमध्ये आई गेली. कागद मात्र आरशात होता तिथेच होता. दाढी करताना रोज तो डोळ्यांसमोर येई आणि रोज मला त्याचा राग येई. काढून टाकण्याचे मात्र धैर्य होत नसे.

पुढे जे लिहीत आहे ते त्या वर्षात आणि त्यानंतर अडखळत शिकलेले आहे. मी पाळक नाही, ईश्वरविज्ञानाचा पदवीधरही नाही. तरी एक गोष्ट मला अनुभवाने पटलेली आहे: खचलेल्या मनाने शास्त्र उघडताना आधी धीराचे वचन शोधू नये, आधी गाऱ्हाणे मांडावे. गाऱ्हाणे गिळून वरून वचन लावले, की जखम न धुता पट्टी बांधल्यासारखे होते. शास्त्र स्वतः असे कुठेच करत नाही.

याचा उत्तम नमुना लूकच्या शुभवर्तमानाच्या 24 व्या अध्यायात आहे. येशूला वधस्तंभावर खिळल्यानंतरच्या रविवारी दोघे शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे निघाले आहेत. त्यांपैकी एकाचे नाव क्लयपा, दुसऱ्याचे नाव दिलेले नाही. वाटेत येशू त्यांना गाठतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. इस्राएलाची मुक्ती करणारा तो हाच, अशी आमची आशा होती, असे ते त्याला सांगतात. त्या वाक्यातले ‘होती’ हे क्रियापद ज्याने आयुष्यात एकदा तरी मनातल्या मनात उच्चारले असेल, त्याला त्या वाटेचे अंतर सांगावे लागत नाही. येशू ‘मी जिवंत आहे’ असे लगेच सांगून मोकळा होत नाही. तो आधी विचारतो, कशाविषयी बोलत आहात. त्यांचे सारे बोलणे ऐकून घेतो. मग मोशेपासून आरंभ करून शास्त्र उलगडतो. आणि अखेरीस त्यांच्याबरोबर जेवायला बसून भाकर मोडतो, तेव्हा त्यांचे डोळे उघडतात. बोलून टाकणे, शास्त्र उलगडणे आणि सोबतीने भाकर मोडणे हा क्रम मी पुढे जवळपास तसाच ठेवला आहे. त्यात एकाच गोष्टीची भर घालून ती सर्वांत आधी घेतो.

सुरुवात शरीरापासून

1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागतो. आदल्याच अध्यायात त्याच्या प्रार्थनेवरून कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला आहे. म्हणजे विश्वास कमी पडला म्हणून तो खचला, असे म्हणायला जागा नाही. ईजबेल राणीने जिवावर उठल्याचा निरोप धाडला, तो पळाला, थकला आणि बसला. देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला स्पर्श करून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलीया खातो, पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो. होरेब डोंगर, मंद वाणी, पुढची आज्ञा हे सगळे त्यानंतर येते.

म्हणून पहिल्या आठवड्यात एवढेच पाहावे, की वेळेवर जेवण होते का, झोप लागते का, दिवसातून एकदा तरी घराबाहेर पाऊल पडते का. उपास-प्रार्थना आपल्या मंडळ्यांमध्ये मोठी मानली जाते आणि ती मोठी आहेच; पण ज्याचे जेवण दुःखानेच सुटले आहे, त्याने आणखी उपास धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झोप दोन-तीन आठवडे उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. प्रार्थना करणाऱ्याला गोळ्या कशाला, असे म्हणणारे भाऊ-बहिणी सद्‌भावनेनेच बोलतात, पण ते चुकतात. मधुमेहाची गोळी घेताना आपण कुणाला विश्वासाचा दाखला मागत नाही. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी सांगावे आणि टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तेथे रात्रंदिवस, मराठीतही बोलता येते.

गाऱ्हाणे मांडणे

आता शास्त्राकडे वळू. दिवसातली एक ठरावीक वेळ घ्यावी आणि पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नये. खचलेल्या माणसाने तासाभराचा संकल्प सोडला, की तिसऱ्या दिवशी तो मोडतो आणि अपराधीपणाची भर पडते ती वेगळीच. मोबाईलवरचे शास्त्र सोयीचे असले, तरी या कामाला छापील पुस्तक बरे, कारण मोबाईल हातात असला, की संदेशांकडे बोट आपोआप जाते. वाचन मोठ्याने करावे. घर लहान असेल, तर पुटपुटत वाचावे, पण ओठ हलले पाहिजेत.

आरंभ स्तोत्र 13 पासून करावा. अवघ्या सहा वचनांचे ते स्तोत्र आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी कोठवर मनात दुःख वागवू, माझा वैरी कोठवर माझ्यावर वरचढ राहणार. पुढच्या दोन वचनांत मागणे आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझे डोळे सतेज कर. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आणि गाणे. दोन, दोन आणि दोन. ही बांधणी लक्षात आली, की पुढचे काम सोपे होते, कारण त्याच साच्यात आपले स्वतःचे स्तोत्र लिहायचे असते.

साधी शंभर पानी वही घ्यावी. वरच्या भागात स्वतःचे ‘कोठवर’ लिहावे, आणि ते गुळगुळीत लिहू नये. ‘प्रभो, मी दुःखी आहे’ एवढ्याने काही उघडत नाही. माझ्या वहीतले एक वाक्य असे होते: ‘प्रभो, शेजारच्या काकांनी नोकरीचे विचारले की बघतोय, चालू आहे, असे मी आणखी किती दिवस सांगत राहू?’ हे लिहिताना लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणूनच ते बरोबर उतरले असावे. मधल्या भागात नेमके मागणे लिहावे. तिसरा भाग, भरवशाचा, लिहिता आला तर लिहावा; नाही आला, तर जागा कोरी सोडून तारीख टाकावी. माझी अशी सात-आठ पाने कोरी आहेत.

कोरी जागा सोडायला परवानगी आहे का, असे कुणी विचारले, तर स्तोत्र 88 उघडून दाखवावे. त्या स्तोत्राचा शेवटचा शब्द ‘अंधार’ आहे; पुढे गाणे नाही, भरवसा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. एका बुधवारच्या प्रार्थनासभेत मी ते मोठ्याने वाचले. वाचून झाल्यावर ‘आमेन’ कुणी म्हणेना. पुढे काहीतरी येईल म्हणून सगळे थांबले होते. अखेर मागच्या चटईवरच्या एका आजी म्हणाल्या, “एवढंच आहे का ते? मग बरं आहे. मला वाटायचं माझंच असं होतं.”

150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. उपासनेत मात्र आपण निवडून 23, 100, 103 आणि 121 वाचतो, त्यामुळे देवापुढे फक्त आनंदाने उभे राहायचे असते, असा समज लहानपणापासून घट्ट बसतो. वधस्तंभावर येशूने जे शब्द उच्चारले, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, ते स्तोत्र 22 चे पहिलेच शब्द आहेत. उत्तम शुक्रवारी आपण त्यावर मनन करतो आणि सोमवारी स्वतः तसे म्हणायला कचरतो.

पहिले दोन-तीन आठवडे स्तोत्र 13, 42, 43, 77, 88 आणि 130 एवढीच आलटून पालटून वाचावीत. 42 आणि 43 ही एका श्वासात वाचावीत, कारण त्यांचे धृपद एकच आहे: हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास, देवाची आशा धर. ते तीनदा येते, आणि तिन्ही वेळा परिस्थिती तीच असते, लोक तेच टोमणे मारत असतात. माणूस येथे देवाशी बोलता बोलता स्वतःच्या जिवाला दटावतो, समजावतो. रात्री दोन वाजता जाग येऊन मन भलतीकडे पळू लागले, तर हे धृपद पाठ असलेले फार उपयोगी पडते.

वचन त्याच्या शेजाऱ्यांसह वाचणे

गाऱ्हाणे मांडण्याची सवय लागली, की मग आश्वासनाच्या वचनांकडे यावे. तेथे एक नियम पाळावा: वचन कधीही एकटे वाचू नये. ते कुणाला सांगितले, ते लोक तेव्हा कुठे होते आणि किती काळासाठी सांगितले, हे तीन प्रश्न विचारावेत आणि त्यासाठी निदान संपूर्ण अध्याय वाचावा.

माझा आरशातला कागद मी अशा रीतीने सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा वाचला. यिर्मया 29 हे एक पत्र आहे. इ. स. पू. 597 मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने यरुशलेमेतून जे लोक बंदिवान करून नेले, त्यांना ते पाठवले आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल असे सांगतो, आणि लोकांना ते अर्थातच आवडते. यिर्मया लिहितो, की तसे होणार नाही. घरे बांधून राहा, मळे लावून त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. आणि दहाव्या वचनात मुदत येते: सत्तर वर्षे. त्यानंतर अकरावे वचन, हिताच्या संकल्पांचे.

माझ्या कागदावर अकरावे वचन होते, दहावे नव्हते. पत्र ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांची हाडे बाबेलच्याच मातीत जाणार होती, आणि तरी ते वचन त्यांनाही दिलेले होते. हे कळल्यावर माझा राग वचनावरून उठला आणि मी त्याच्याकडून जी अपेक्षा करत होतो तिच्यावर गेला. मार्चमध्ये गेलेली नोकरी एप्रिलमध्ये मिळेल, असे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. हनन्याच्या मुदतीने मी यिर्मयाचे पत्र वाचत होतो.

याच रीतीने विलापगीत वाचावे. लहानसे पाच अध्यायांचे पुस्तक आहे, आणि त्यातले ‘त्याच्या करुणेला खंड पडत नाही, ती रोज सकाळी नवी होते’ हे तिसऱ्या अध्यायातले शब्द आपण वाढदिवसाच्या प्रार्थनेतही वापरतो. पण ते कुठून आले ते पाहावे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले, रस्त्यांवर मुले भुकेने कोसळली. त्या राखेत बसून हे लिहिले आहे. आणि लिहिणाऱ्याने हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांचा साचा घेतला आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायांतली 22 वचने एकेका अक्षराने क्रमाने सुरू होतात. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, अशी 66 वचने आहेत. आपल्याकडे कुणी ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत रडावे, तसे. दुःख अमर्याद होते म्हणून त्याने त्याला अक्षरांचा बांध घातला असावा, असे मला वाटते. पाचव्या अध्यायात वचने 22 च आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. करुणेचे ते प्रसिद्ध शब्द पुस्तकाच्या शेवटी नाहीत, मधोमध आहेत, आणि त्यांच्यानंतर पुन्हा विलाप सुरू होतो. म्हणजे एखाद्या सकाळी आशा वाटली आणि संध्याकाळी पुन्हा घसा दाटून आला, तर आपण मागे गेलो असे समजण्याचे कारण नाही.

वाचण्यासाठी दोन वेगवेगळी मराठी भाषांतरे जवळ असली, तर फार फायदा होतो. बायबल सोसायटीचे रूढ भाषांतर आपल्या कानात बसलेले असते, त्यामुळे डोळे नुसते घरंगळत जातात. सोप्या मराठीतले दुसरे हाताशी असले, की एखादा शब्द अडवतो.

‘आशा’ हा शब्दच पाहा. हिब्रूत त्याला ‘तिकवा’ असा शब्द आहे आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दोरी असा आहे. यहोशवाच्या पुस्तकात इस्राएली हेरांना लपवणारी राहाब खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते, तेथे हाच शब्द आहे. इब्री 6:19 मध्ये आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. मूळ ग्रीकमध्ये तो जहाजाचा नांगर आहे, वसईच्या किंवा मुरुडच्या कोळ्याला हे सांगावेही लागणार नाही. माझी आजी मात्र अहमदनगरकडच्या कोरडवाहू गावातली. तिने आयुष्यभर तो शेतातला नांगर समजला. चैत्रात, पावसाचा पत्ता नसताना, तापलेल्या रानात जो घालतात तो. मी एकदा तिची चूक दुरुस्त करायला गेलो, तर ती म्हणाली, असेल बाबा, पण पाऊस दिसायच्या आधी नांगरतो तोच ना.

पुनरुत्थान, घाई न करता

ख्रिस्ती आशेचा पाया शेवटी एकाच ठिकाणी आहे, आणि तो चांगल्या स्वभावात किंवा सकारात्मक विचारांत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिला ‘जिवंत आशा’ म्हटले आहे आणि तिचे कारण येशू ख्रिस्ताचे मेलेल्यांतून पुनरुत्थान हे दिलेले आहे. येथपर्यंत आल्यावर योहान 20 आणि 21 हे अध्याय आठवडाभर सावकाश वाचावेत. थोमाला दाखवलेल्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत, हे पाहावे. पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजतो आणि रात्रभर रिकामे जाळे ओढून थकलेल्यांना ‘या, न्याहारी करा’ म्हणतो, हेही पाहावे. देवदूताने एलीयाला भाकर भाजून दिली होती. येथे प्रभू स्वतः चुलीपाशी आहे.

दारावर येणाऱ्यांविषयी, आणि आपण कुणाच्या दारी जाण्याविषयी

एकट्याने हे फार काळ चालत नाही. एलीयाला वाटत होते, की आपण एकटेच उरलो. देव त्याला सांगतो, की बाल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत, आणि वर अलीशाची सोबतही देतो. मंडळीतले एकच माणूस निवडावे, ज्याच्यापाशी वहीतले पान वाचून दाखवता येईल. ते माणूस पाळकच असले पाहिजे असे नाही. गप्प बसता येणारे असले पाहिजे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते उत्तम सांत्वनकर्ते होते. बिघडले ते बोलू लागल्यावर.

आई गेल्यावर आमच्या घरी आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, तुमच्या घरात नित्य कौटुंबिक प्रार्थना होत होती ना, असे विचारले. तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. भेटीला जाणाऱ्यांनी कारणे शोधू नयेत. डबा न्यावा, स्तोत्र 23 वाचावे, लहान प्रार्थना करावी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यावे. खरे तर पुन्हा जाणेच महत्त्वाचे, कारण दहाव्या दिवसानंतर दार वाजायचे थांबते. रविवारी उपासनेला जाण्याचे त्राण नसेल, तर मागच्या बाकावर बसून प्रभुभोजनापुरते तरी जावे. गाणे तोंडातून निघत नसेल, तर दुसऱ्यांनी गायलेले ऐकावे. तो विश्वास त्या दिवशी उसना घेतला तरी चालतो.

एक लहान खरेदीखत

शेवटची पायरी कृतीची आहे, आणि तिचा नमुना यिर्मया 32 मध्ये आहे. यरुशलेमेला वेढा पडलेला, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल अनाथोथ येथले शेत विकायला येतो. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन कोण घेईल? यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहरबंद, एक उघडी, आणि दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या कुणालाही या कागदपत्रांचा बारकावा वाचून हसू येईल. पण देवाचा शब्द त्या कागदातच होता: या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील. यिर्मयाला खरेदी झाल्यावरही शंका आहेच. तो लगेच प्रार्थनेत ती बोलून दाखवतो. म्हणजे आधी मन खंबीर व्हावे आणि मग कृती करावी, असा क्रम येथे नाही.

पंडिता रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांकडे मी याच दृष्टीने पाहतो. आई, वडील आणि बहीण दुष्काळात गेली, 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती गेले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, ज्या बायकांना अक्षरओळख नुकतीच झाली आहे त्यांना समजावे म्हणून, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या, पण तोवर ते भाषांतर त्यांनी तडीस नेले होते.

आपले खरेदीखत एवढे मोठे असण्याची गरज नाही. पुढच्या तीन महिन्यांनी ज्याचा उपयोग होईल असे एक काम निवडावे आणि ते आज, मन नसतानाही, सुरू करावे: अर्ज भरणे, कुंडीत कढीपत्त्याचे रोप लावणे, मुलाला पाढे शिकवणे. वहीत त्याची तारीख लिहावी. आमच्या घरी त्या वर्षी नाताळ करायचा नाही असे ठरले होते. 20 डिसेंबरच्या संध्याकाळी माझ्या बायकोने काही न बोलता अर्धा किलो मैदा आणला, आईचे पितळी कातणे पाटाखालच्या डब्यातून शोधून काढले आणि ओट्यावर ठेवले. त्याच्या दात्यांत मागच्या वर्षीचे पीठ वाळून बसले होते. मी ते सुईने कोरून काढले. करंज्या अकराच झाल्या, त्यांतल्या दोन तळताना फुटल्या.